एक पोर, एक नळी

९ जानेवारी

बारके,

पत्र पाहून दचकू नकोस, घरचे सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण आपल्या दोघांचं फोनवर कधी जमलंय? तू "बरी आहे" म्हणालीस की त्यातलं खोटं मला ऐकू येतं, आणि मी "धंदा झकास" म्हटलं की तू लगेच विचारतेस, "काय बिघडलं?" आईने दोघांनाही कान दिले, झाकण एकालाही दिलं नाही. कागदावर निदान सुखाने थापा मारता येतात.

तर बातमी अशी. माझ्या बर्फाच्या कारखान्यात सध्या रोज संध्याकाळी पाऊणशे पोरं दंगा करतात आणि त्यांना मीच आत घेतलंय.

मासळीबाजारामागच्या गल्लीत संगीत शिकवणाऱ्या एका बाईंनी मुलांचा वाद्यवृंद काढलाय, हे मागे तुला सांगितलं होतं. नगरपालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये वाजवायची पोरं. दिवाणखान्यातली नव्हेत हं. मासे सोलणाऱ्यांची, हमालांची, शिंप्याची. गेल्या पावसाळ्यानंतर नगरपालिकेने त्या हॉलचं नूतनीकरण काढलं. नूतनीकरण म्हणजे दाराला नवीन कुलूप लावलं, बाकी काही नाही. बाई हटल्या नाहीत. माझ्या फाटकासमोरच्या फुटपाथवर पोरं मांडून बसल्या आणि सुरू. त्यातल्या एका व्हायोलिनची तार इतकी उतरलेली की माझ्या दाढा शिवशिवल्या. शेवटी बाहेर जाऊन म्हटलं, "बाई, आत या, पण आधी त्या तारेचं काहीतरी करा."

त्यांना जुनी बर्फखोली दिली. हातभर जाड भिंती, आत बुचाचा थर, आवाज असा गोल येतो की विचारू नकोस. भानगड एकच. भिंतीपलीकडे माझा कॉम्प्रेसर. तो दिवसरात्र एका सुरात गुणगुणतो, तुला माहीतच आहे. पहिल्या दिवशी पोरं एकीकडे आणि हा दुसरीकडे, जावाजावांसारखी कुरकुर. बाईंनी भिंतीवर हात ठेवला, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "याला काही हलवता यायचं नाही. आपणच याच्याशी जुळवून घेऊ." तेव्हापासून पाऊणशे पोरं माझ्या कॉम्प्रेसरवर सूर लावतात. छाती फुगते गं.

लहानग्यांना द्यायला वाद्यं नव्हती. माझ्याकडे जुन्या बर्फयंत्राच्या लोखंडी नळ्या पडून होत्या. वेल्डरला बोलावलं. तो कापणार, टांगून ठोकणार, मी डोळे मिटून ऐकणार आणि म्हणणार, "अजून नखभर काप." आठवडाभर नखभर-नखभर चाललं. आता तीस नळ्या चौकटीला टांगल्यात. बाईंचा नियम असा की एका पोराला एकच नळी. आपला सूर आला की ठोकायचं, तोवर मोजत गप्प. पोर आलं नाही तर त्याचा सूर वाजत नाही, गाण्याला तिथे भोक पडतं. दुसऱ्याने त्याची नळी वाजवायची नाही म्हणजे नाही.

आणि गंमत ऐक. हे भोक आता रस्त्यावर ऐकू येतं. समोरचा बेकरीवाला भट्टीपुढून ओरडतो, "अरे, गोगलगाय कुठाय? तिसऱ्या ओळीत खड्डा आला!" गोगलगाय म्हणजे हमालाचं धाकटं पोर. बोलत नाही, हळू चालतं, शाळेत आठवड्यातून दोनदा उगवायचं. बेकरीवाला स्वतः जाऊन त्याला काखोटीला मारून आणतो. मासळीवाल्या दोघी, ओट्यावरून वर्षानुवर्षं हाडवैर, त्यांच्या पोरांच्या नळ्या शेजारी-शेजारी आल्या. आता एकीला उशीर झाला की दुसरी तिचं पोर घेऊन येते. वाटेत शिव्या देते, पण आणते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यांचं परीक्षण आहे, आणि ते तुझ्याच मोठ्या सभागृहात. मान्यता मिळाली तर बाईंची नेमणूक तीन वर्षं पक्की, हॉल परत. नाही मिळाली तर बाईंची बदली, वाद्यं जमा, खेळ खलास. नगरपालिकेचे सभापती त्याचीच वाट बघतायत.

तू तिथली पियानो लावणारी. तेव्हा पाहुण्यांसाठी तुझं ते काळं धूड जरा पुसून ठेव.

दादा

---

२० जानेवारी

दादा,

तीर्थरूप लिहिण्याइतका सरळ तू कधीच नव्हतास, म्हणून नुसतंच दादा.

पत्र वाचून हसले आणि मग हसायचं थांबले. तू सहज लिहिलंस की पोरं कॉम्प्रेसरवर सूर लावतात. तो कॉम्प्रेसर मला चांगला आठवतो. लग्नाआधी त्याच भिंतीपलीकडे झोपायचे मी. तो सुराला चढा आहे, दादा. फार नाही, पण आहे.

एरवी मी म्हटलं असतं, असू दे. सगळे एकत्र चढे असतील तर कुणाच्या बापाचं काय जातं? पण यंदा नियम बदललाय. प्रत्येक गटाने ठरवून दिलेली एक रचना सभागृहाच्या पियानोबरोबर वाजवायची. पियानो आमचा, वाजवणाराही आमचा. व्हायोलिनवाले तारा उतरवतील, फुंकवाले नळकांडी जरा बाहेर ओढतील, त्यांचं निभेल. तुझ्या नळ्यांचं काय? कापलेली नळी आखूड होते, लांब होत नाही. पियानो आणि नळ्या एकदम वाजल्या की परीक्षकांच्या दाढा शिवशिवतील, आणि ते तुझ्यासारखे फाटक उघडून कुणाला आत घेणार नाहीत.

माझं ऐक. नळ्या घरी ठेवा. बाकीची पोरं येऊ देत, नीट वाजवू देत, मान्यता घेऊन जाऊ देत. मग गल्लीत हव्या तेवढ्या नळ्या ठोका.

इथे सगळं ठीक आहे. काम भरपूर.

बारकी

---

२९ जानेवारी

बाईसाहेब,

पत्र पोचलं. गालिच्यावर चालून चालून पायांना गल्लीचे खड्डे टोचायला लागले वाटतं.

"नळ्या घरी ठेवा." नळ्या म्हणजे कोण, माहितीये? नळ्या म्हणजे तीस पोरं. त्यांना सांगू काय? बाळांनो, तुम्ही मेहनत केलीत, मोजायला शिकलात, गप्प बसायला शिकलात, आता घरी बसा, कारण माझ्या बहिणीच्या पियानोला तुमचा शेजार चालत नाही?

परवा सभापती आले होते. कारखान्याची पाहणी म्हणे. रुमाल नाकाला लावून बर्फखोलीच्या दारात उभे.

"हे काय चाललंय?"

"सराव."

"कशाचा?"

"साहेब, ऐकू येत नसेल तर आत या, येत असेल तर हाच तो सराव."

"या पोरांना काहीतरी उपयोगाचं शिकवा. वायरिंग, प्लंबिंग."

तेवढ्यात टिटवी मध्ये पडली. टिटवी ही शिंप्याची थोरली, क्लॅरिनेट वाजवते, पंधराची आहे आणि तोंडाला लगाम नाही. म्हणाली, "साहेब, नळ्या तर वाजवतोच आहोत. याहून जास्त प्लंबिंग काय शिकायचं?" पोरं हसली. सभापती हसले नाहीत. पायऱ्या उतरताना मला म्हणाले, "तुमचा परवाना कारखान्याचा आहे, बालवाडीचा नाही." मी म्हटलं, "चहा घेणार?" घेतला नाही.

तेव्हा सांगतो ते ऐक. पोरं नळ्या घेऊनच येतील. तुझ्या पियानोला त्रास होत असेल तर त्याच्या कानात कापूस घाल. मी हातगाडी ओढून कारखाना उभा केला तो कुणाच्या सुरात सूर मिळवून नव्हे.

दादा

---

१६ फेब्रुवारी

दादा,

सोबत माझा ट्यूनिंग फोर्क, सूर तपासायचा काटा, पाठवतेय. गुडघ्यावर आपट आणि दांडी कॉम्प्रेसरच्या पत्र्यावर टेकव. मग मला शिव्या दे.

बारकी

---

२ मार्च

बारके,

शिव्या परत घेतो.

तुझा तो काटा आपटला आणि नळीशेजारी धरला. दोघं मिळून डोलायला लागले, वाँव-वाँव-वाँव, वल्ह्यावर आपटणाऱ्या लाटेसारखे. मी स्वतः कापलेल्या नळ्या, स्वतःच्या कानाने. एका नळीला दोष देता येत नाही. सगळ्या एकमेकींशी पक्क्या आणि सगळ्या मिळून जगाशी चुकलेल्या. आपल्या घराण्याचं वर्णन वाटावं असं.

बाईंना दाखवलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, "चढं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पियानोचा नियम येईल हे माहीत नव्हतं." नवीन नळ्या कापायच्या तर तशी नळी आता कुठे मिळत नाही, माझ्याकडची सगळी संपली. बाजारातली पातळ नळी ठोकून पाहिली. डब्यावर चमचा मारल्यासारखी बोंबलते.

मग पोरांनाच विचारलं. सगळी जमिनीवर बसली. बाईंनी काही लपवलं नाही. नळ्या नेल्या तर बेसूर होऊ, नळ्या सोडल्या तर कदाचित मान्यता मिळेल. मोठ्या पोरांनी निर्णय घ्यावा. मला वाटलं मोठी पोरं नळ्या सोडतील. त्यांचं काय जातंय? तर टिटवी उभी राहिली. म्हणाली, "बाई, एक पोर आलं नाही तर आपल्याला भोक चालत नाही. मग तीस भोकं कशी चालतील?" कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी नुसती वाद्यं उचलली आणि पहिल्यापासून सुरू केलं. गोगलगाय आपल्या नळीपाशी उभा, ओठ हलवत मोजतोय. ठरवून दिलेल्या रचनेत त्याचा सूर अगदी शेवटचा. अख्खी रचना संपेपर्यंत तो एका ठोक्यासाठी उभा असतो.

म्हणजे ठरलं. सगळी येणार, नाहीतर कुणीच नाही.

आता मुद्द्याचं. पोरं पियानोपर्यंत उतरू शकत नाहीत. पियानो पोरांपर्यंत चढू शकेल का? तूच लावतेस तो. तुला अशक्य नाही.

एक काटा मी तुझा ठेवून घेतलाय, एक नळी तुला पाठवतोय. मधल्या सप्तकातली आहे, जपून वापर. तिचा मालक तिच्यावाचून रडतोय. कॉम्प्रेसर सध्या दुरुस्तीसाठी बंद ठेवलाय, तेव्हा पोरं आता नळ्यांवरच सूर लावतात.

दादा

---

११ मार्च

दादा,

नळी मिळाली. टपालवाल्याने विचारलं, यात काय आहे? म्हटलं, भाऊ आहे.

उत्तर नाही असं आहे. राग येऊ दे, पण समजून घे. सभागृहाच्या पियानोला व्यवस्थापकाच्या सहीशिवाय कुणी हात लावत नाही. दर मंगळवारी सकाळी मी तो लावते, ठरलेल्या उंचीवर, तसूभर इकडे-तिकडे नाही. परीक्षणाच्या दुसऱ्याच दिवशी बाहेरून मोठे वादक येतायत. पियानो चढवणं म्हणजे किल्लीचा एक पीळ नव्हे. दोनशेच्या वर तारा. वरच्या चढवल्या की चौकटीवरचा ताण बदलतो आणि आधी लावलेल्या पुन्हा उतरतात. अख्खं काम दोनदा करावं लागतं. मी सही मागितली. व्यवस्थापक म्हणाले, "एका गल्लीसाठी?"

माझं सगळं आयुष्य या एका खोलीत गेलंय, दादा. दुसरं काही येत नाही मला.

आणि कॉम्प्रेसर दुरुस्तीला? बाबा गेले त्या दिवशीही तू तो बंद केला नव्हतास. काय बिघडलंय?

बारकी

---

२० मार्च

बारके,

ठीक आहे. नाही तर नाही. तुझी अडचण कळली, मनात काही धरत नाही.

आम्ही येतोय. नळ्यांची चौकट जड, म्हणून बाई आणि टिटवी ट्रकबरोबर आदल्या दिवशी, सोमवारी, येतील. मागचं दार उघडं ठेव म्हणजे झालं. टिटवीला काहीतरी खायला घाल आणि तिच्याशी वाद घालू नकोस, आजवर कुणी जिंकलेलं नाही. मी येत नाही, इथे कामं पडलीयत.

वाजवू, बेसूर तर बेसूर. हात जोडून परत यायला शिकवलेलं नाही त्यांना.

दादा

---

७ एप्रिल

दादा,

बाईंनी तुला फोन करून निकाल सांगितला असेल. पण बाईंनी सांगितलं नसेल असंही बरंच आहे, म्हणून बस आणि सावकाश वाच.

सोमवारी सभागृह बंद असतं. मी मागचं दार उघडलं. ट्रकमधून आधी नळ्या उतरल्या, मग बाई, मग ती तुझी टिटवी. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "बर्फकाकांची बहीण म्हणजे आमची आत्याच. आत्या, पियानो कुठाय?" बाई चौकट नीट लागली का ते बघून बसस्थानकाकडे गेल्या, उरलेल्या पोरांच्या राहण्याचं ठरवायला. आम्ही दोघीच राहिलो.

मी सहज विचारलं, "काकांचा कॉम्प्रेसर झाला का दुरुस्त?"

म्हणाली, "दुरुस्त? तो तर विकला. तुम्हाला माहीत नाही?"

मग सगळं बाहेर आलं. नगरपालिकेची नोटीस. अमोनियावर चालणारा कारखाना आणि मुलं एका छपराखाली चालणार नाहीत, दोन्हींपैकी एक निवडा, मुदत पंधरा दिवस. आणि तू आठव्या दिवशी खटका खाली ओढलास. ती म्हणाली, "मशीन बंद झालं तेव्हा आम्ही वाजवत होतो. एकदम इतकं शांत झालं की आम्ही सगळे थांबलो. काका दारात आले आणि म्हणाले, काय झालं? तुमचं तुम्हाला येत नाही का? वाजवा."

दादा, थापाड्या! "कामं पडलीयत."

मी स्टुलावर बसले. मधल्या सप्तकातल्या पट्टीवर बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने तू पाठवलेली नळी ठोकली. ती भिंत आठवली, तिला कान लावून झोपलेली मी आठवले. जगात तो सूर आता फक्त तीस नळ्यांत उरला होता. मी पिशवीतून किल्ली काढली.

टिटवी म्हणाली, "तुमची नोकरी जाईल ना?"

म्हटलं, "तू क्लॅरिनेट वाजवतेस की प्रश्नपत्रिका काढतेस? तारांमध्ये ही रबरी पाचर दाबून धर."

आता जे लिहितेय ते तुझ्यापासून दोन वर्षं लपवलंय. फोन टाळत होते त्याचं खरं कारण तेच. वरचे सूर मला ऐकू येत नाहीत. आधी शेवटच्या पाच-सहा पट्ट्या गेल्या, मग दीड सप्तक. आजवर सवयीने, बोटांनी आणि छोट्या यंत्राच्या काट्यावर विसंबून निभावलं. पण यंत्र ठरलेल्या उंचीचं. तुझ्या कॉम्प्रेसरची उंची त्याला कोण शिकवणार? खालचं, मधलं मी लावलं. वर गेले आणि हात थांबला. तार वाजतेय हे किल्लीत जाणवतं, कानात काही नाही.

ती पोर माझ्याकडे बघत होती.  नुसती जवळ सरकली आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही पीळ द्या, मी ऐकते. अजून डोलतंय. अजून. नखभर." नखभर! तुझा शब्द, तुझाच ताल. "आता थांबलं." असं आम्ही शेवटच्या पट्टीपर्यंत गेलो. मग खाली येऊन पुन्हा पहिल्यापासून. उन्हं कलली तेव्हा तिने एक नळी ठोकली, मी तोच सूर पियानोवर दाबला. दोन्ही आवाज एक झाले, इतके की तिने विचारलं, "तुम्ही वाजवलंत ना?"

मंगळवारी पोरं आली. नवीन कपड्यांत, केस चोपून. गोगलगायच्या हाताला धरून कोण होतं सांगू? तुझा बेकरीवाला. भट्टी बंद ठेवून आला होता. म्हणाला, "मी नसलो तर तो वाटेत कुठे उतरला हे कुणाला कळणार?" मासळीवाल्या दोघी एकाच बाकावर. सभापती पहिल्या रांगेत, रुमाल हातात.

आमच्या पियानोवाल्याने पहिला स्वरमेळ वाजवला आणि चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. मी त्याच्या नजरेला नजर दिली. त्याने मान हलवली आणि पुढे वाजवत राहिला. आणि नळ्या आल्या, दादा. मी मागच्या दारापाशी उभी होते. वरचं काही मला ऐकू आलं नाही, पण खालच्या नळ्यांनी पायाखालची फळी थरथरली. तुझा कारखाना सुरू झाल्यासारखं वाटलं.

शेवट आला. सगळे थांबले, गोगलगायचा ठोका राहिला. तो वाजलाच नाही. पोर दिव्यांकडे बघत उभं, हातोडी वर. मला वाटलं गेलं. पण बाईंनी हात खाली आणला नाही. एकाही पोराने मान वळवली नाही. पाऊणशे पोरं श्वास धरून थांबली, जशी रोज थांबत असणार. आमचा पियानोवालाही पट्टीवर बोटं ठेवून थांबला. कुणीतरी पोकळी भरून काढेल असं वाटलं, कुणी भरली नाही. आणि मग त्याने ठोकलं.

परीक्षकांपैकी एकांनी नंतर विचारलं, "तो शेवटचा थांबा फार सुंदर होता. कल्पना कुणाची?" बाई म्हणाल्या, "त्याचीच." आणि गोगलगायकडे बोट दाखवलं. मान्यता मिळाली. तीन वर्षं, एकमताने. टाळ्या सर्वांत आधी सभापतींनी वाजवल्या, इतक्या जोरात की कल्पना त्यांचीच असावी.

बुधवारी पाहुण्या वादकांनी सरावाला पियानो उघडला आणि मला बोलावणं आलं.

व्यवस्थापक: "हा चढवला कुणी?"

"मी."

"कुणाच्या परवानगीने?"

"माझ्या भावाच्या कॉम्प्रेसरच्या."

"कोण? कुठे असतात ते?"

"वारले."

व्यवस्थापक म्हणाले, "ताबडतोब खाली आणा." तिथे मी खरं ते सांगून टाकलं, की वरचं मला ऐकू येत नाही, परवा एका मुलीच्या कानाने लावला, आता दुसरा माणूस बघा. किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी काढायच्या आधी मीच निघाले. मागच्या नव्हे, पुढच्या दाराने. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आता मी काय करणार, विचारू नकोस. माहीत नाही. पण फोन केलास तर उचलीन.

बारकी

---

१३ एप्रिल

बारके,

फोन हातात घेतला होता, खाली ठेवला. जे सांगायचंय ते आवाजात सांगता आलं नसतं.

तुझ्या कानाचं मला दिवाळीआधीपासून माहीत आहे. मी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा किटलीची शिट्टी कोकलत होती, पाणी आटत आलं आणि तू शेजारी उभी राहून मला विचारत होतीस, "चहा टाकू का?" मी गॅस बंद केला आणि गप्प बसलो. तू लपवत होतीस, लपवू दिलं. म्हणून तर यंदा फोनऐवजी पत्रं. मला वाटलं कागदावर तुला सोपं जाईल. एकमेकांना फसवण्यात आपण दोघंही कच्चेच.

कॉम्प्रेसरचं वाईट वाटून घेऊ नकोस. नोटिशीतलं कारण खरं होतं, म्हणून तर जास्त राग आला. खोटं असतं तर भांडलो असतो. अमोनिया आणि पोरं शेजारी ठेवू नयेत हे मलाही कळतं. त्यांना वाटलं मी यंत्र निवडीन. यंत्र गेलं धक्क्यावरच्या नव्या कारखान्यात आणि त्यांचा बर्फ बाजारात पोचवायचं काम मी घेतलंय. हातगाडीवर सुरुवात केली होती, आता ट्रक आहे. प्रगती म्हण.

हॉलची किल्ली परवा सभापतींनी स्वतः आणून दिली, छायाचित्रकारासकट. बाईंनी घेतली, आभार मानले आणि पोरांना विचारलं, "जायचं का परत?" पोरं म्हणाली, हॉलमध्ये व्हायोलिनं शिकवा, नवीन पोरं घ्या. पण सगळ्यांचा एकत्र सराव बर्फखोलीतच. सभापतींचा फोटो त्यामुळे फाटकाबाहेरच काढावा लागला.

नवीन पोरं पन्नासावर आलीत. बाई एकट्या. सगळ्या तारा, सगळी नळकांडी कोण लावणार? खालचे सूर लावणारं एक माणूस हवंय. वरचे ऐकायला टिटवी आहे, आणि ती आत्ताच बजावून गेलीय की आत्याला पगारात कमी बोललात तर याद राखा.

आणि एक. तुला पाठवलेली नळी परत आली, तिचा मालक खूश आहे. पण चौकटीच्या अगदी टोकाला एक नवीन नळी टांगलीय. मशीन काढताना तळाशी एक जाड नळी निघाली, वेल्डरने कापली, मी ऐकली. सर्वांत खालचा सूर. कानाने ऐकायची गरज नाही, पायांना कळतो. बाईंनी रचनेत तिला चार जागा दिल्यात.

ती कुणाचीच नाही, आणि दुसऱ्याने वाजवायची नाही हा नियम. त्यामुळे रोज संध्याकाळी चार वेळा तिथे खड्डा पडतो. काल बेकरीवाला भट्टीपुढून ओरडला, "अरे, खालचं कोण आलं नाही अजून?"

मी म्हटलं, "वाटेत आहे."

दादा